मेलेल्या राजाची स्तुती

अकलोलीच्या कुंडात उतरलं की पहिली दोन मिनिटं माणूस काही बोलत नाही. पाणी सोसेपर्यंत तोंड आपोआप मिटलेलं असतं. मग पोटऱ्या लाल होतात, अंग सैल पडतं आणि त्याबरोबर जीभही. तानसा नदीच्या काठची ही गरम पाण्याची कुंडं. कोणी गुडघे धरलेत म्हणून येतं, कोणी अंगावरचा नायटा जावा म्हणून, कोणी वज्रेश्वरीचं दर्शन आटोपून पोरांना गंमत दाखवायला. कपडे काठावर ठेवले की भिवंडीचा यंत्रमागवाला, वसईकडचा भाजीवाला आणि मुंबईहून आलेला पेन्शनर यांच्यातला फरक बराचसा काठावरच राहतो. आणि फार वेळ न जाता सरकारचा विषय निघतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे गावकरी रस्त्यातल्या खड्ड्यांपासून सुरू झाले, दाखल्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपांवर आले आणि शेवटी म्हणाले, "ह्यांच्यापरीस इंग्रज बरे होते."

"काका, तुम्ही पाहिलेत इंग्रज?"

"मी कुठनं पाहणार? माझा जन्म पन्नास सालचा. आज्यानं पाहिले."

"मग आज्याला बरे वाटायचे का?"

ते हसले. "आज्याला? वेठीला धरायचे त्याला. साहेब शिकारीला आला की सामान उचलायला फरफटत न्यायचे. पैसा नाही, भाकर नाही."

एवढं सांगूनही 'बरे' हा शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही. पाण्यात हात फिरवत राहिले.

हे वाक्य महाराष्ट्रात ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. शिकलेली मंडळी ते ऐकून चिडतात: दुष्काळ विसरलात, जालियनवाला विसरलात, मिठावरचा कर विसरलात. पण चिडणाऱ्याची एक चूक होते. तो हे वाक्य इंग्रजांविषयी आहे असं धरून चालतो. काकांना इंग्रजांशी काही देणंघेणं नव्हतं. ते खड्डा न बुजवणाऱ्याशी बोलत होते. होऊन गेलेल्या राज्यकर्त्याची स्तुती बहुतेक वेळा आज खुर्चीत असलेल्याला ऐकवण्यासाठी असते, असं माझं म्हणणं आहे. लोकमताचे पुरावे वाचताना हे ध्यानात धरलं नाही तर इतिहासकारही फसतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमबाबत तो बराच फसलेला आहे.

रोमची आठवण इथं यायचं पहिलं कारण सरळ आहे: गरम पाणी. रोमन माणूस दुपारनंतर सार्वजनिक स्नानगृहात जायचा आणि तिथं सम्राटावर बोलायचा. सम्राटांनाही हे ठाऊक होतं. अग्रिप्पाच्या स्नानगृहासमोर लायसिपस या ग्रीक शिल्पकाराचा एक पुतळा होता, अंगावरचं तेल आणि मळ खरवडणाऱ्या खेळाडूचा. टायबेरियस बादशहाला तो इतका आवडला की त्यानं तो उचलून आपल्या शयनगृहात नेला. लोकांनी काय करावं? नाट्यगृहात बादशहासमोरच 'आमचा पुतळा परत द्या' असा ओरडा केला. आणि ज्याच्या एका शब्दावर माणसं मरत होती त्या टायबेरियसनं पुतळा मुकाट्यानं परत नेऊन ठेवला. प्लिनीनं ही हकिगत नोंदवली आहे. मतपेटी नव्हती म्हणून लोकमत नव्हतं, असं म्हणणाऱ्यानं ती आठवावी. इ.स. 51 मध्ये धान्य टंचाईला आलं तेव्हा भर चौकात लोकांनी क्लॉडियसला घेरलं, शिव्या दिल्या, शिळ्या पावाचे तुकडे फेकून मारले. बादशहा मागच्या दारानं कसाबसा निसटला आणि मग भर हिवाळ्यात धान्याची जहाजं आणण्यासाठी त्यानं व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. आपल्याकडं 1791 च्या ऑगस्टात घाशीराम कोतवालावर पुण्यातल्या जमावानं दगड उचलले, ते पावाच्या तुकड्यांपेक्षा कितीतरी जड होते. त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले होते. नाना फडणवीसासारख्या मुत्सद्द्यालाही आपला माणूस जमावाच्या हवाली करावा लागला.

ओरडा आणि दगड यांच्याखेरीज लोकांच्या हातात आणखी एक हत्यार असतं, नाव ठेवण्याचं. ज्याला जग कॅलिग्युला म्हणून ओळखतं त्याचं खरं नाव गायस. शिपायांनी लहानपणी त्याला 'छोटा बूट' म्हणून हाक मारली आणि तीच चिकटली. टायबेरियसच्या तीन नावांची अक्षरं फिरवून सैन्यानं त्याचा बेवडा केला. क्लॉडियस मेल्यावर सेनेटनं त्याला देव ठरवलं, तर सेनेकानं त्याच्या 'भोपळीकरणा'वर एक टवाळ पुस्तिका लिहिली. (मराठीत भोपळा म्हणजे शून्य हे सेनेकाला माहीत असतं तर तो किती खूश झाला असता!) आपल्या भाषेनं तर राज्यंच्या राज्यं एकेका शब्दात निकालात काढली आहेत. अन्याय झाला की माणूस विचारतो, 'मोगलाई लागून गेली काय?' लहरी हुकूम आला की तो तुघलकी. दुसऱ्या बाजीरावाला 'पळपुटा' ही पदवी कोणत्या दरबारानं दिली? कोणत्याच नाही. पण दोनशे वर्षांत ती कोणाला काढून घेता आलेली नाही.

मग रोमन लोकांचं आपल्या बादशहांबद्दल मत काय होतं, हे सांगताना इतिहासकार फसतो कुठं? टॅसिटस, स्युटोनियस, कॅसियस डिओ या तिघांच्या पुस्तकांत. तिघेही वरच्या थरातले. टॅसिटस आणि डिओ तर स्वतः सेनेटर. नीरोनं सेनेटरांना छळलं, म्हणून नीरो राक्षस. तो राक्षस नव्हता असं मला म्हणायचं नाही. इ.स. 59 मध्ये त्यानं सख्ख्या आईला मारवलं, तेव्हा लोकही गप्प बसले नाहीत. त्याच्या पुतळ्याला कोणीतरी कातड्याची पिशवी अडकवली, कारण रोमन कायद्यात आईबापांच्या खुन्याला पिशवीत शिवून पाण्यात टाकायचे. कोणी तर चौकात एक तान्हं मूल टाकलं आणि त्यावर चिठ्ठी लावली: आईला मारशील म्हणून तुला वाढवत नाही. पुढं रोमच्या मोठ्या आगीनंतर त्यानं शहराच्या मध्यात प्रचंड महाल उठवला, तेव्हा सगळं रोम एकच घर होऊ घातलंय, आता दुसरं गाव बघा, अशी टवाळी भिंतींवर उमटली. स्युटोनियस सांगतो की बाकी सगळ्या बाबतीत क्रूर असलेला हा माणूस असली लिखाणं मात्र शांतपणे सोसायचा.

पण तोच स्युटोनियस आणखीही एक गोष्ट सांगतो. इ.स. 68 मध्ये नीरो मेला तेव्हा लोक आनंदानं रस्त्यावर धावले, आणि तरी पुढं बराच काळ कोणीतरी त्याच्या थडग्यावर वसंतातली आणि उन्हाळ्यातली फुलं वाहत राहिलं. टॅसिटसला हे झेपत नाही. तो म्हणतो, सेनेट खूश होती, प्रतिष्ठित लोक आशेवर होते, दुःख झालं ते फक्त नाटकं आणि शर्यती यांना चटावलेल्या मळक्या प्रजेला. 'मळकी' हे विशेषण वापरून त्यानं प्रश्न मिटवला. मला ते विशेषणच फार बोलकं वाटतं. ज्यांचं मत आपल्याला पटत नाही त्यांना अगोदर मळकं ठरवायचं, ही युक्ती आपल्या वर्तमानपत्रांनाही अपरिचित नाही.

फुलांचा अर्थ नीरोच्या कारकिर्दीत शोधला तर लागत नाही. तो त्याच्या मागून आलेल्याच्या कारभारात लागतो. गाल्बा म्हातारा, कडक आणि चिक्कू. शिपायांना कबूल केलेली बक्षिसी त्यानं दिली नाही, खेळ-उत्सवांची मौज आटली. सात महिन्यांत भर चौकात त्याचा मुडदा पडला. त्यानंतर आलेल्या ओथोनं काय केलं? नीरोचे पुतळे पुन्हा उभे करू दिले. लोक त्याला 'नीरो' म्हणून हाक मारू लागले तरी त्यानं हरकत घेतली नाही. त्याच्या नंतरच्या व्हिटेलियसनं नीरोच्या नावानं श्राद्ध घातलं. दोघेही नीरोचे भक्त नव्हते. थडग्यावरची फुलं कोणाला उद्देशून आहेत हे त्यांना इतिहासकारांपेक्षा चांगलं कळत होतं.

आणि मग मेलेला नीरो परत आला. एकदा नव्हे, वीस वर्षांत निदान तीनदा. पहिला इ.स. 69 मध्ये, तोंडवळा सारखा आणि वीणा वाजवण्यात पटाईत. तो किथनॉस बेटावर पकडून मारला गेला. दुसरा पार्थियन राजाच्या आश्रयाला गेला. तिसरा इ.स. 88 च्या सुमारास उगवला, तेव्हा आपण तरुण होतो असं स्युटोनियस लिहितो आणि पार्थियनांनी त्याला मोठ्या नाखुशीनं परत दिल्याचंही सांगतो.

मराठी वाचकाला एव्हाना भाऊसाहेब आठवला असेल. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडला. त्याची बायको पार्वतीबाई हे मानायला तयार नव्हती. 1783 मध्ये मरेपर्यंत तिनं कुंकू पुसलं नाही. अशा घरात आणि अशा राज्यात तोतया न निघता तरच नवल. बुंदेलखंडाकडचा एक कनोजा ब्राह्मण, त्याचं नाव सुखनिधान असं सांगतात. थोरल्या माधवरावाच्या काळात तो पकडला गेला, चौकशी झाली, कैदेत पडला. प्रकरण संपलं. खरं तर तिथं ते संपायलाच हवं होतं.

पण 1776 मध्ये रत्नागिरीच्या सुभेदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यानं, त्याला कैदेतून काढून भाऊसाहेब म्हणून उभं केलं आणि कोकण पेटलं. किल्ले त्याच्या हाती गेले, माणसं हजारोंनी भोवती जमली. पंधरा वर्षांपूर्वी मेलेला माणूस अचानक इतक्यांना खरा का वाटावा? माधवरावाच्या वेळी तोच इसम तोतया होता, मग आता भाऊ कसा झाला? चेहरा तर तोच होता. बदललं होतं पुणं. माधवराव गेला, 1773 मध्ये नारायणरावाचा खून झाला, गादीवर अंगावर पिणारं पोर, कारभार बारभाईंचा, आणि राघोबादादा इंग्रजांशी करार करून घरातच लढाई घेऊन आलेला. घरातलं एकही जाणतं माणूस उभं नाही, असं लोकांना वाटत होतं. त्यांनी एक माणूस मेलेल्यांतून परत मागवून घेतला. महादजी शिंद्यांच्या फौजेनं तोतयाला कोकणातून पळवलं, रघोजी आंग्र्यांनी त्याला धरलं, डिसेंबरात पुण्यात त्याला ठार केलं. न. चिं. केळकरांनी पुढं त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. तोतया खरा की खोटा हा प्रश्न पंचांनी सोडवला आणि बरोबर सोडवला. पण तोतयामागं गेलेली माणसं मूर्ख होती, असं त्यातून निघत नाही. त्यांना बारभाईंवर अविश्वासाचा ठराव मांडायचा होता आणि तो मांडण्याची दुसरी जागा त्यांना ठाऊक नव्हती.

माझा मुद्दा सर्वांत आधी कळतो तो सत्ताधाऱ्याला. इ.स. 25 मध्ये रोममध्ये क्रेम्युटियस कॉर्डस नावाच्या इतिहासकारावर खटला झाला. गुन्हा काय, तर आपल्या ग्रंथात त्यानं सीझरचा खुनी ब्रूटस याची स्तुती केली आणि कॅसियसला शेवटचा रोमन म्हटलं. तो बचावात म्हणाला की ती माणसं मरून सत्तर वर्षं होत आली, मी काही लोकांना उठावाला चिथावत नाहीये. टायबेरियसच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला उत्तर कळलं. घरी जाऊन त्यानं अन्न सोडलं आणि प्राण दिला. पुस्तकं जाळण्याचा हुकूम झाला. त्याच्या मुलीनं, मार्सियानं, प्रती लपवून ठेवल्या म्हणून ग्रंथ पुन्हा लोकांपुढं आला.

आता 1897. पुण्यात प्लेग, घरझडत्या, आणि जूनमध्ये शिवराज्याभिषेकाचा उत्सव. 15 जूनच्या 'केसरी'त शिवाजी महाराज समाधीतून उठून आजचा देश पाहतात अशी कल्पना केलेली कविता आणि उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. 22 जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. शिवाजी महाराजांना जाऊन तेव्हा 217 वर्षं झाली होती. मुंबईच्या कोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातल्या 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ ज्यूरीला समजावला तो असा की सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली.

या खटल्याबद्दल आपण सरकारला शिव्या घालत आलो, आणि त्या रास्तच आहेत. पण वाचक म्हणून ते सरकार मंद नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. महाराजांच्या तोंडी घातलेली वाक्यं सतराव्या शतकाविषयी नाहीत हे त्यानं अचूक ओळखलं. अगोदर 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला होता, त्यांना कुळवाडीभूषण म्हणून. राजा तोच, पण फुले बोलत होते भटशाहीशी आणि टिळक बोलत होते गव्हर्नराशी. दोघांचे शिवाजी वेगळे दिसतात याबद्दल आपल्याकडं शंभर वर्षं वाद चालू आहे, आणि त्या वादात बहुधा एकच प्रश्न विचारला जात नाही: हे वाक्य ऐकायला समोर कोण बसलेलं होतं?

इथपर्यंत माझं म्हणणं मला स्वतःला बरंच पटत होतं. मग मुक्ता साळवे आठवली आणि थोडं अडखळायला झालं.

1855 मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचं डोकं उडवून त्याचा चेंडू कसा केला जाई, इमारतींच्या पायात माणसं कशी पुरत, हे तिनं लिहिलं आहे आणि इंग्रजी राज्यात ते थांबलं म्हणून समाधान मानलं आहे. पेशवाई बुडाली 1818 ला, म्हणजे तिच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी. तिनंही पेशवाई पाहिली नव्हती, ऐकूनच ठाऊक होती. मग अकलोलीच्या काकांचं 'इंग्रज बरे होते' आणि मुक्ताचं 'इंग्रज बरे आहेत' ही एकाच जातीची वाक्यं का? तीही जिवंतांशीच बोलत होती, 1855 च्या पुण्यातल्या पंडितांशी. पेशवाईला सुवर्णयुग म्हणू लागलेल्या माणसांना ती ऐकवत होती.

फरक आहे, आणि तो सापडायला मला कुंडातलं ते संभाषण पुन्हा आठवावं लागलं. काकांनी मत सांगितलं ते पहिल्या वाक्यात. दुसरा प्रश्न विचारल्यावर आठवण निघाली: वेठ, शिकारीचं सामान, न मिळालेली भाकर. मत आणि आठवण एकमेकांच्या उलट होती आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मुक्ताच्या निबंधात मत आणि आठवण एकच आहे, कारण आठवण कातडीवरची आहे. मेलेल्या राज्यकर्त्याबद्दल काही कळून घ्यायचं असेल तर मताला बाजूला ठेवून आठवणीपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी समोर बसून दुसरा प्रश्न विचारता यावा लागतो. नीरोच्या थडग्यावर फुलं ठेवणाऱ्या बाईला तो विचारणारा कोणी नव्हता. 'बाई, नीरोनं तुझ्या घरी काय दिलं?' एवढं एक वाक्य टॅसिटसनं विचारलं असतं! त्याला ते सुचणं शक्य नव्हतं. आणि गुलामांचं मत तर मळक्या प्रजेच्याही खाली. रोमच्या लोकमतात ते बहुतेक नाहीच.

पुढं डोमिशियन बादशहाचा खून झाला तेव्हा सेनेटनं शिड्या मागवून त्याच्या प्रतिमा खाली ओढल्या, शिपाई त्याला देव करायला निघाले आणि सामान्य लोकांना काहीच वाटलं नाही, असं स्युटोनियसनं नोंदवलं आहे. 'रोमन लोकांचं मत' असं एकवचन वापरण्याआधी ही नोंद वाचावी. 'मराठी माणसाला पेशवाईचा अभिमान आहे' असं लिहिण्याआधी मुक्ताचा निबंध वाचावा.

कुंडातून निघून मी वज्रेश्वरीला गेलो. वसईच्या मोहिमेत चिमाजीआप्पांनी या देवीला नवस केला आणि मे 1739 मध्ये वसई पोर्तुगीजांकडून घेतल्यावर देऊळ बांधलं, असं इथं सगळे सांगतात. देवळाला कोट आहे, लांबून किल्लाच वाटतो. पायऱ्या चढताना दुसरी एक तारीख डोक्यात येत होती: 31 डिसेंबर 1802. त्याच वसईत, आप्पांच्या सख्ख्या भावाच्या नातवानं, दुसऱ्या बाजीरावानं, यशवंतराव होळकरासमोरून पळून येऊन इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह केला. घराणं एक, गाव एक, मध्ये त्रेसष्ट वर्षं. एकाच्या नावाला देऊळ चिकटलं, दुसऱ्याच्या नावाला पळ. बाजीरावाच्या बाजूनं थोडं बोलता येईल, त्याच्या हातात आलेलं राज्य आधीच पोखरलेलं होतं वगैरे. पण ते कोणी ऐकून घेणार नाही.

खाली ओटीचं सामान विकणाऱ्या पोराला मी उगाच विचारलं, "हे देऊळ कोणी बांधलं रे?"

"चिमाजीआप्पांनी," तो म्हणाला. नारळाची शेंडी सोडवत होता. "बोलले आणि बांधलं." मग समोरच्या रस्त्याकडं मान उडवून, "ह्याचं तीन वर्षं नुसतंच बोलतायत."

रस्त्यावर खडीचा ढीग होता आणि त्यावर गवत उगवलेलं होतं. मी नारळ घेतला, सुटे नव्हते म्हणून त्यानं दोन रुपयांची खडीसाखर बांधून दिली.